म्यानमारचं 'क्यात': शब्द कुठून आला, अर्थ काय, उच्चार कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, भाषेवर आणि जुन्या नाण्यांवर मी अधूनमधून लिहीत असतो. त्यामुळे फिरायला जाणाऱ्यांपासून नाणी जमवणाऱ्यांपर्यंत बरेच जण याच एका शब्दाबद्दल विचारतात. दर वेळी नव्याने उत्तर लिहिण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, डोकं खाणारे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. म्यानमारच्या चलनाचं नाव नक्की काय? क्यात, क्याट, की चॅट?

नाव एकच आहे, लिहायच्या तऱ्हा निरनिराळ्या. मराठी वर्तमानपत्रांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'क्यात' किंवा 'क्याट' छापतात, कारण ते रोमन स्पेलिंगवरून उचललेलं आहे. प्रत्यक्षात यांगूनचा दुकानदार जे बोलतो ते आपल्या कानाला 'चॅट्' असं ऐकू येतं. व्हॉट्सॲपवरच्या चॅटसारखंच, फक्त शेवटचा ट उच्चारायचा नाही, गिळायचा. मी या पानावर 'क्यात' लिहितो, कारण शोधणारा तेच टाइप करून इथे येतो. म्यानमारमध्ये बोलताना मात्र 'क्यात' म्हणू नका, समोरच्याला कळायला वेळ लागेल.

२. लिहिताना 'क्य' आणि बोलताना 'च', हे कसं काय?

एक ओळखीचं नाव घ्या. आंग सान स्यू ची. आपल्या काही वर्तमानपत्रांत 'सू की' छापून यायचं, काहींत 'सू ची'. रोमनमध्ये तिथेही के आणि वायच आहेत, आणि उच्चार 'ची' आहे. ब्रह्मी भाषेत 'क'ला य किंवा र जोडला की आज त्याचा 'च' होतो. फार पूर्वी तो 'क्य' किंवा 'क्र' असाच बोलत असत. जीभ पुढे सरकली, लेखन मागेच राहिलं.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. आपल्याकडे दोन 'च' आहेत, 'चंद्र'मधला आणि 'चोर'मधला. ब्रह्मी उच्चाराला 'चंद्र'मधला च लागतो. 'चोर'मधला लावलात तर चुकलात.

३. ब्रह्मी लिपीत हा शब्द कसा लिहितात? शेवटी 'त' आहे का?

नाही, आणि इथेच गंमत आहे. ब्रह्मी लिपी आपल्या देवनागरीसारखीच भारतातल्या प्राचीन ब्राह्मी लिपीच्या कुळातली. हा शब्द लिहिताना आधी 'क', मग त्याला बिलगलेला 'य', आणि शेवटी 'प'. त्या 'प'च्या डोक्यावर एक छोटी आकडीसारखी खूण असते. ती खूण असली की त्या अक्षरातला 'अ' जातो. आपण 'प'चा पाय मोडतो तसंच. ब्रह्मी लोक त्या खुणेला 'असत्' म्हणतात, म्हणजे 'मारणं'. आपण पाय मोडून भागवतो, ते थेट जीवच घेतात.

तर अक्षरं जुळवून वाचलं तर शब्द होतो 'क्यप्'. पण ब्रह्मीत शब्दाच्या शेवटचे प् आणि त् आज दोन्ही विरून गेले आहेत. त्यांच्या जागी घशात एक झटका उरला आहे, श्वास मध्येच तोडल्यासारखा. इंग्रज कारकुनाने तो झटका ऐकला आणि त्याला 't' लावून टाकला. म्हणजे रोमनमधला 't' हा कारकुनाचा आहे. मूळ शब्दात तिथे 'प' आहे, आणि तो का महत्त्वाचा ते प्रश्न ५ मध्ये येईल.

४. 'क्यात' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

वजन. पैसा नव्हे, नाणं नव्हे, राजाचं नाव नव्हे. क्यात हे चांदी तोलायचं एक माप होतं, साधारण १६.३ ग्रॅमचं. 'शंभर क्यात दिले' म्हणजे शंभर नाणी मोजून दिली असं नव्हे, तर शंभर क्यात वजनाची चांदी तराजूत घालून दिली.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन समजायला हवं, कारण आपण सोनं आजही तोळ्यातच बोलतो. उद्या सरकारने रुपयाचं नाव बदलून 'तोळा' केलं आणि भाजीवाला 'वीस तोळे द्या' म्हणू लागला, तर जे होईल ते तिथे खरोखर झालं आहे.

५. हा शब्द किती जुना आहे?

बगानच्या शिलालेखांइतका जुना तर नक्कीच. बगान म्हणजे इरावतीकाठची ती हजारो देवळांची राजधानी, ११व्या ते १३व्या शतकातली. तिथे दान देणाऱ्याने देऊळ बांधलं की खर्चाचा हिशेब दगडावर कोरून ठेवायची चाल होती. जमीन घेतली, गवंड्यांना मजुरी दिली, सुतार-चिताऱ्यांना अमुक दिलं. त्या हिशेबात चांदी मोजलेली असते ती 'क्लयप्' या मापात.

हाच आपला शब्द. 'क्लयप्'मधला ल झडला, 'क्यप्' राहिला. तो पुढे बोलताना 'चॅट्' झाला, पण लिहिताना 'क्यप्'च राहिला (प्रश्न ३). म्हणून तो शेवटचा न उच्चारला जाणारा 'प' मला फार आवडतो. आज हजार क्यातच्या नोटेवर जे अक्षर छापतात आणि कोणीच वाचत नाही, ते आठशे-नऊशे वर्षांपूर्वी बगानमध्ये लोक खरंच बोलत होते.

६. मग त्या काळी नाणी नव्हतीच का?

बगानमध्ये नव्हती. त्याआधी होती, हे त्यातलं आश्चर्य. बगानच्या आधीच्या प्यू लोकांच्या नगरांमध्ये चांदीची देखणी नाणी सापडतात. एका बाजूला श्रीवत्स, दुसऱ्या बाजूला उगवत्या सूर्यासारखं चिन्ह. आराकानच्या किनारपट्टीवरही बंगालच्या शेजारामुळे नाणी चालत. मधल्या ब्रह्मी राज्यांनी मात्र शेकडो वर्षं नाण्याशिवाय काढली.

व्यवहार चालायचा तो चांदीच्या ओबडधोबड तुकड्यांवर. १७९५ साली मायकेल साइम्स कंपनीचा वकील म्हणून आव्याच्या, म्हणजे ब्रह्मी राजाच्या, दरबारी गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथे नाणं नाही, चांदी आणि शिसं तोलून देतात, वजन आणि कस हाच भाव. बारीकसारीक खरेदीला शिसं चालायचं. चांदीचे कस ठरलेले होते. त्यातल्या एकाचं नाव 'य्वेत्नी', म्हणजे 'लाल पान'. आटवलेली चांदी निवताना तिच्यावर जी नक्षी उमटते त्यावरून जाणकार कस ओळखत. कस पाहणारे, आटवून देणारे लोक वेगळे, आणि ते आपला बट्टा कापून घेत. पेशवाईत अंकुशी रुपया चांदवडी करून घेताना सराफ कापायचा तसाच.

१८व्या शतकाच्या अखेरीस बोडॉपया राजाने नाणी पाडायचा प्रयत्न केला होता. तो चालला नाही. लोक तराजूवरच विश्वास ठेवून राहिले.

७. क्यात आजही वजन म्हणून वापरतात का?

हो, रोज. फक्त गोंधळ होऊ नये म्हणून मागे 'था' लावतात. पैसे असतील तर 'क्यात', वजन असेल तर 'क्यात्था'. शंभर क्यात्था म्हणजे एक 'पेइक्था', साधारण १ किलो ६३३ ग्रॅम. परदेशी व्यापारी पेइक्थाला 'विस' म्हणत. तो शब्द तमिळ 'वीसै'वरून आला.

बाजारात तर आणखी मजा आहे. भाजीवाली 'क्यात्था' हा पूर्ण शब्दही बोलत नाही. दहा क्यात्था हवे असतील तर नुसतं 'से था', म्हणजे 'दहा था'. मिरच्या, आलं, लसूण असल्या गोष्टी अशा घेतात. हे झाले १६३ ग्रॅम, आपल्या जुन्या आधपावाहून जास्त आणि पावशेराहून कमी. पन्नास 'था' म्हणजे अर्धा पेइक्था. क्यात शब्द गाळला तरी ऐकणाऱ्याला तो कळतो. आपण 'पाव द्या' म्हणतो तेव्हा कशाचा पाव ते सांगतो का? सरकारने २०१३ साली किलो आणायचं धोरण जाहीर केलं, पण मंडईला धोरणं उशिरा कळतात.

सोनाराकडे क्यात्था पूर्ण थाटात जिवंत आहे. सोन्याचा भाव तिथे क्यात्थालाच सांगतात. एक क्यात्थाचे १६ 'पे', एका पेचे ८ 'य्वे'. म्हणजे क्यात्थाचे १२८ य्वे. आणि य्वे म्हणजे काय, तर लाल बी. आपल्या गुंजेसारखं, रतनगुंजेसारखं. आपल्या सराफाच्या कोष्टकात तोळ्याचे १२ मासे आणि ९६ गुंजा. दोन देश, दोन भाषाकुळं, पण सोन्याच्या तराजूच्या तळाशी दोन्हीकडे लाल बियाच.

८. एक क्यात्था म्हणजे किती तोळे?

जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने १.४ तोळे. आजकाल आपले सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्या हिशेबाने १.६३.

९. काही पुस्तकांत 'टिकल' लिहिलेलं असतं. ते काय?

क्यातच, पण परक्यांच्या तोंडचं. युरोपी व्यापारी ब्रह्मी क्यातलाही टिकल म्हणत आणि सयामी बाटलाही टिकलच म्हणत. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत टिकल दिसला की आधी प्रवासी कोणत्या देशात आहे ते पाहा. ब्रह्मी माणूस स्वतः हा शब्द वापरत नाही. इंग्रजीत सोन्याचे भाव छापताना मात्र तिथली वर्तमानपत्रं आजही क्यात्थासाठी 'टिकल'च लिहितात.

जाता जाता, थायलंडचा बाट हाही मुळात वजनच. साधारण १५ ग्रॅम. तिथेही सोनं आज बाटने विकतात.

१०. रुपया आणि क्यात यांचं नातं आहे का?

शब्द म्हणून नाही. क्यात ब्रह्मी मुळाचा आहे, रुपया संस्कृत 'रूप्य'चा. आपल्या मराठीत रुपं म्हणजे चांदी, त्यावरून रुपेरी.

अर्थाच्या वाटेने पाहिलं तर मात्र दोघे चांदीवरच येऊन भेटतात, आणि समोरासमोरच्या दिशांनी. क्यात आधी वजन होता, मग नाणं झाला. रुपया आधी नाणं होता आणि मग वजन झाला. कंपनीच्या काळात रुपयाचं नाणं बरोबर एक तोळ्याचं, १८० ग्रेनचं ठरलं. घरात वजनं नसली की लोक तराजूत रुपयेच टाकत. 'पाच रुपये भार' हे माप माझ्या आजीच्या तोंडी होतं. औषधाचं चूर्ण करायचं तर ती 'रुपयाभार सुंठ' म्हणायची, आणि चांदीचा रुपया घरातून जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

पैशाला ब्रह्मीत सर्वसाधारण शब्द 'ङ्वे' असाही आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ चांदी.

११. माझ्याकडे मोर असलेलं जुनं 'एक क्यात'चं नाणं आहे. त्याचं वजन १६ ग्रॅम भरत नाही. नकली आहे का?

फक्त तेवढ्यावरून नकली म्हणू नका. नाणी जमवणारे हा प्रश्न सर्वांत जास्त पाठवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोराचं नाणं म्हणजे मिंडॉन राजाचं. मिंडॉनने १८५३ ते १८७८ राज्य केलं आणि १८६५ मध्ये मंडालेत टांकसाळ उघडली. नाण्यावर पिसारा फुलवलेला मोर आहे आणि ब्रह्मी अंकांत १२१४ हे साल आहे. पुष्कळ जण १२१४ बघून इसवी सन समजतात आणि 'आठशे वर्षांपूर्वीचं नाणं' म्हणून फोटो पाठवतात. तो ब्रह्मी शक आहे. मिंडॉन गादीवर आला ते वर्ष. नाणं पाडलं पुढे, साल टाकलं राज्यारोहणाचं.

आता वजन. माझ्या एका मित्राकडचं असंच नाणं आम्ही ओळखीच्या सराफाकडे इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं होतं. काटा साडेअकराच्या पुढे जरासा सरकला आणि थांबला. मित्राचा चेहरा पडला. त्याने कुठेतरी 'एक क्यात म्हणजे १६.३ ग्रॅम' वाचलं होतं. सराफ मात्र नाणं पालथं-उलथं करून म्हणाला, 'हा तर आपला रुपया आहे, मोर लावलेला.' त्याला ब्रह्मदेशाचं काहीही ठाऊक नव्हतं, पण बोलला ते अगदी बरोबर.

मिंडॉनचा क्यात ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे इंग्रजांच्या रुपयाच्या वजनाचा आणि त्याच कसाचा. तोपर्यंत खालचा ब्रह्मदेश इंग्रजांनी गिळला होता. १८२६ साली आराकान आणि तेनासेरिम गेले, १८५२ मध्ये पेगू. रंगून बंदर त्यांच्याकडे आणि तिथे रुपया चालू. वरच्या ब्रह्मदेशाला तांदूळ रंगूनकडूनच घ्यायचा. अशा वेळी रुपयाला रुपया लागू पडेल असंच नाणं काढणं शहाणपणाचं होतं. नाव जुनं ठेवलं, वजन शेजाऱ्याचं घेतलं.

क्यात नावाचं नाणं क्यात नावाच्या वजनापेक्षा हलकं झालं, जवळजवळ सात भागांत पाच भाग. शब्द तराजूतून सुटला तो इथे. त्यानंतर 'एक क्यात' म्हटल्यावर 'नाण्याचा की वजनाचा' हे विचारावं लागू लागलं, आणि 'था' शेपटी लावायची गरज खऱ्या अर्थाने पडली (प्रश्न ७).

तर तुमचं नाणं साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असेल तर वजनात खोट नाही. १६ ग्रॅम भरलं असतं तर मी शंका घेतली असती.

१२. थिबा राजा रत्नागिरीत होता. तो गेल्यावर क्यातचं काय झालं?

थिबा हा मिंडॉनचा मुलगा आणि शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५च्या युद्धात मंडाले पडलं, राजाला देशाबाहेर काढलं आणि १८८६ मध्ये मद्रासमार्गे रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ साली तो तिथेच वारला. त्याचा राजवाडा रत्नागिरीकर आजही पाहुण्यांना दाखवतात. इंग्रजांचं निवृत्तिवेतन त्याला रुपयांत मिळत होतं, आणि मागे त्याच्या देशातही तोच रुपया आला. मोराची नाणी १८८९पर्यंत बाद झाली.

नाणं गेलं, शब्द गेला नाही. सोनाराचं वजन तेच राहिलं, मंडईतलं माप तेच राहिलं.

१३. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा तिथे कोणतं चलन होतं?

रुपया, आणे, पै. १९०८ ते १९१४ या काळात ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. मुंबईत चालणारा रुपयाच मंडालेत चालत होता.

१४. मग क्यात परत कधी आला?

दोन हप्त्यांत. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा काढला, तरी चलन रुपयाच राहिलं. त्याच्या नोटा काढायची आपली रिझर्व्ह बँक. बँकेचं मुख्य कार्यालय त्याच साली कोलकात्याहून मुंबईला आलं होतं, म्हणजे ब्रह्मदेशाच्या चलनाचा कारभार काही वर्षं मुंबईतून चालत होता, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. जपान्यांनी १९४२ मध्ये देश घेतला, आधी स्वतःचा रुपया छापला आणि पुढे क्यातच्या नावाने नोटा काढल्या. युद्ध संपताच त्या कागदाला रद्दीचाही भाव राहिला नाही. १९४५ मध्ये पुन्हा रुपया आला. रिझर्व्ह बँकेचं काम १९४७मध्ये संपलं.

आजचा क्यात सुरू झाला १ जुलै १९५२ला. एका रुपयाला एक क्यात. त्याच वेळी १६ आण्यांचा हिशेब मोडून शंभरचा केला. आपण 'नवे पैसे' आणले १९५७ मध्ये. दशमान पद्धतीत ते आपल्या पाच वर्षं पुढे होते.

१५. प्या, पे, मू, मत हे काय प्रकार आहेत?

क्यातचे तुकडे. 'प्या' म्हणजे चपटा तुकडा, आणि १९५२ नंतर एका क्यातचे १०० प्या. त्याआधीचं कोष्टक असं: ४ प्यांचा १ पे, २ पेंचा १ मू, ४ पेंचा १ मत, १६ पेंचा १ क्यात. पेच्या जागी आणा ठेवा, प्याच्या जागी पैसा ठेवा, मतच्या जागी चवली-पावलीतली पावली ठेवा. कोष्टक आपलंच होतं.

'पे' सोनाराच्या हिशेबात अजून आहे (प्रश्न ७). प्या मात्र आता फक्त संग्राहकांच्या अल्बममध्ये भेटतो.

१६. ब्रह्मीत 'क्यात'चा दुसरा अर्थ 'घट्ट, गच्च' आहे म्हणतात. पैशाची चणचण म्हणून हे नाव पडलं का?

तोच उच्चार आणि तेच लेखन असलेलं एक क्रियापद आहे खरं. अर्थ घट्ट होणं, दाटी होणं. त्यावरून 'क्यात्-ती' म्हणजे ओढाताणीचे दिवस असणं. आपण 'हात तंग आहे' म्हणतो तसं. यावर तिथे विनोद होणं साहजिकच आहे.

पण चलनाचं नाव त्यावरून पडलेलं नाही. नाव वजनावरून आलं आणि वजनाचं जुनं रूप दगडावर कोरलेलं आहे (प्रश्न ५). 'पै' आणि 'पैज' यांचा संबंध जोडण्यासारखं आहे हे. ऐकायला बरं वाटतं, तेवढंच.

१७. यांगूनमध्ये मला 'जॅट्' असं ऐकू आलं. ते वेगळं चलन आहे का?

नाही, कान बरोबर आहे. ब्रह्मीत आधीचा शब्द स्वरात किंवा नाकातल्या आवाजात संपला की पुढचा 'च' मऊ होऊन 'ज' होतो. पाच म्हणजे 'ङा', म्हणून पाच क्यात 'ङा-जॅट्'. तीन क्यातलाही तसंच. सहाच्या आकड्याच्या शेवटी मात्र घशातला झटका आहे (प्रश्न ३), तो मऊ होऊ देत नाही, तिथे 'चॅट्' कडकच राहतो. लिहिताना सगळीकडे एकच अक्षरं.

१८. कधी आकडा आधी बोलतात, कधी 'क्यात' आधी. नियम काय?

शून्याकडे बघायचं. पाच क्यात म्हणताना आकडा आधी, 'ङा-जॅट्'. दहा म्हणताना शब्द उलटतात, 'चॅट् त-से', म्हणजे 'क्यात दहा'. पंधरा असले की परत आकडा आधी. हजार असले की क्यात आधी. शेवटी शून्य असलेली गोल रक्कम असेल तर बोलताना चलनाचं नाव पुढे येतं. आज व्यवहार शेकड्यांत आणि हजारांतच होतात, त्यामुळे प्रवाशाच्या कानावर बहुतेक वेळा 'चॅट्' आधी पडतं.

आणखी एक सोय आपल्या माणसाला आहे. ब्रह्मीत लाखाला स्वतंत्र शब्द आहे, 'थेइं', आणि घर, गाडी, लग्नाचा खर्च असं सगळं त्यातच बोलतात. इंग्रजीत बोलणारे ब्रह्मी लोक सरळ 'लाख' म्हणतात. अमेरिकन पर्यटक तिथे शून्यं मोजत बसतो, आपल्याला मोजावी लागत नाहीत.

१९. ४५ आणि ९० क्यातच्या नोटा खरंच होत्या का? की हे कोणीतरी फोटोशॉप केलंय?

खऱ्या होत्या. दोन्ही सप्टेंबर १९८७च्या. ४५ च्या नोटेवर तेलकामगारांचे पुढारी ताखिन पो ला जी, ९० च्या नोटेवर शेतकऱ्यांच्या बंडाचे नेते सया सान. लष्करशहा ने विनला ९ हा आकडा लाभतो अशी त्याची समजूत होती. ४ अधिक ५ नऊ, ९ अधिक ० नऊ.

हसू येतं, पण त्याआधीचा भाग हसण्यासारखा नाही. १९६४ मध्ये ५० आणि १००च्या नोटा एका घोषणेने रद्द झाल्या होत्या. १९८५ मध्ये परत मोठ्या नोटा गेल्या आणि ७५ची नोट आली, मागोमाग १५ आणि ३५च्या आल्या. ५ सप्टेंबर १९८७ला २५, ३५ आणि ७५च्या नोटा रद्द केल्या, आणि या वेळी बदलून काहीच दिलं नाही. लोकांकडच्या रोकडीतला बहुतेक भाग एका दुपारी कागद झाला. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९८८ला, देश रस्त्यावर उतरला. २०१६ नंतर हा प्रश्न मराठी वाचकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मी घरांनी बचत सोन्यात ठेवली, ती सवय यातून पक्की झाली. वर म्हटलं तसं सोनं क्यात्थानेच तोलतात. कागदाचा क्यात रद्द होऊ शकतो, तराजूतला होत नाही.

२०. एका डॉलरला सहा क्यात असं जुन्या पुस्तकात आहे, आणि आज हजारो सांगतात. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. सरकारी दर कितीतरी वर्षं सहाच्या आसपास बांधून ठेवला होता, तर बाजारात त्याच डॉलरला आठशे मिळत. १ एप्रिल २०१२ला सरकारने तो बांध सोडला आणि पहिला संदर्भ दर ८१८ जाहीर केला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो २१००वर नेला, आणि खुल्या बाजाराने तोही मागे टाकला. मधल्या काळात, १९९३ ते २०१३, परदेशी लोकांसाठी डॉलरच्या बदल्यात निराळी प्रमाणपत्रं होती. ती कोणाच्या आजोबांच्या पाकिटात सापडली तर ती क्यात नव्हेत.

२१. जुन्या कागदांवर 'बीयूके' आणि नव्यावर 'एमएमके' असतं. दोन चलनं आहेत का?

एकच आहे. १९८९ मध्ये देशाचं इंग्रजी नाव बर्माचं म्यानमार केलं, म्हणून आंतरराष्ट्रीय संक्षेप बदलला. क्यात तोच.

२२. मराठीत अनेकवचन काय करायचं? 'क्याते'?

काही करू नका. 'पाच डॉलर' म्हणतो तसं 'पाच क्यात'. लिंग पुल्लिंगी धरा, रुपयासारखं: 'एक क्यात दिला'. वजनाबद्दल लिहायचं असेल तर 'क्यात्था' असंच लिहा, नाहीतर प्रश्न ११ मधला फोटो मलाच परत येतो.